किती तारे दिसले ते कळव

११ जानेवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि चिमणी बरे असाल असं धरून चालते. मीही ठीक. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात आलेला कागद वाचल्याशिवाय तू टाकत नाहीस. निदान पूर्वी टाकत नव्हतास.

बाबा गेले तेव्हा तू आला नाहीस, त्याला अकरा वर्षं झाली. त्याबद्दल आज लिहायचं नाही. आज कामाचं लिहायचं आहे.

छापखान्यात माझी बांधणी चालू आहे. तेच लांब टेबल, तीच खळीची बादली आणि तेच मालक, जे रोज सकाळी 'आज सगळं संपवायचं' म्हणतात आणि संध्याकाळी 'उद्या बघू' म्हणतात. डिसेंबरात एक वेगळंच पुस्तक आलं होतं. चाळीस पानी, विषय एकच: मृग नक्षत्र वर्षभर कधी आणि कुठे दिसतं. चौदाशे प्रती होत्या. घड्या घालता घालता मला निम्मं पाठ झालं. एक प्रत चुकीच्या जुळणीची निघाली, तिच्यात मार्चनंतर फेब्रुवारी येतो. ती मालकांनी मला देऊन टाकली.

आता काम सांगते. तुझ्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी आठला घराच्या गच्चीवर जा. दिवे डोळ्यांवर येणार नाहीत असा कोपरा धर. आग्नेयेकडे तोंड कर आणि मान बरीच वर कर. चार तारे लांबट चौकोनात दिसतील, ते हरणाचे पाय. मधे तीन एका ओळीत, तो त्याच्या पोटात घुसलेला बाण. बाणाच्या जवळच तीन अंधुक, त्यांना पुस्तकात शेपूट म्हटलं आहे. एकूण दहा. खात्री करायची असेल तर बाणाची रेघ खाली वाढव, सगळ्यांत ठळक तारा लागेल. तो व्याध, त्याला मोजायचं नाही.

शेजारी चिमणीला उभी कर. तिने वेगळं मोजायचं, तू वेगळं. एकमेकांना विचारायचं नाही. दोघांचे आकडे मला कळव.

कशासाठी, ते विचारू नकोस. बहिणीने इतक्या वर्षांत काही मागितलं नाही असं समज आणि कर.

वहिनीकडून कळलं की आता तुझ्याकडे संध्याकाळी सहाची लांब पल्ल्याची बस आहे, आणि पोहोचायला साडेअकरा होतात. पूर्वी तू सकाळच्या फेऱ्या करायचास ना? जपून चालव.

तुझी,
मुंगी


२ मार्च

प्रिय दादा,

तुझं कार्ड मिळालं. 'आकाश बघत बसलो तर गाडी कोण हाकेल?' सात वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, तेही दोन ओळींचं. अक्षर अजून उतरणीवरून धावतंय.

मृग आता आठ वाजता जवळजवळ डोक्यावर असतो, किंचित पश्चिमेला कललेला. म्हणजे तुला मान जास्त दुखवावी लागेल. माझा उशीर नाही, तुझा आहे.

कारण विचारू नकोस म्हटलं होतं, पण आता सांगते. ते पुस्तक घरी आणलं त्या संध्याकाळी मी वर गच्चीत गेले. वरच्या मजल्यावर एक मास्तरीणबाई राहतात, निवृत्त झाल्या आहेत, पण आवाज अजून मागच्या बाकापर्यंत जातो. त्या म्हणाल्या, "तो बघ बाण."

मी म्हटलं, "कुठे?"

"अगं, समोर. तीन तारे. आंधळ्यालाही दिसतील."

मला दोन दिसले. मग एक. एकाकडे बघितलं की दुसरे जायचे, जणू कुणी बोटाने पुसून टाकतंय. मास्तरीणबाई आधी हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. खाली उतरताना त्यांनी माझा दंड धरला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेली दोन वर्षं मी तो जिना भिंतीला हात लावूनच उतरते आहे. मला वाटायचं, सवय आहे.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे तीन खेपा झाल्या. माझ्या डोळ्यांचा आतला पडदा झिजतो आहे. आधी कमी उजेडातलं जातं, मग बाजूचं, आणि शेवटी नळीतून बघावं तसं मधलं तेवढं उरतं. दिवसा तक्त्यावरची अक्षरं मी अजून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. म्हणूनच हा आजार लपतो. यावर आज तरी औषध नाही. किती वर्षं उरली, ते त्या सांगत नाहीत, आणि मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

रडून झालं आहे, त्यामुळे तू त्यात वेळ घालवू नकोस. मी हल्ली रोज अर्धा तास डोळे मिटून फर्मे, म्हणजे घड्या घातलेल्या पानांचे जुडगे, शिवते. पहिल्या आठवड्यात कागदाला कमी आणि बोटांना जास्त टाके पडले. आता सुई बरोबर भोकात जाते. मालकांना मी सगळं सांगितलं आहे. ते म्हणाले, "शिलाई हाताने होते, बाई, बघू." त्यांच्या 'बघू'चा पहिल्यांदाच आधार वाटला.

डॉक्टरीणबाईंनी मला एक प्रश्न विचारला होता, "घरात आणखी कुणाला?" मी म्हटलं, "नाही." बाहेर येऊन बसथांब्यावर बसले. बस आली, गेली. मग परत आत गेले आणि म्हटलं, "हो."

आकडा कळव.

मुंगी


२६ एप्रिल

प्रिय दादा,

वहिनीचं पत्र आलं. चिमणीला दहा दिसले. तू मात्र 'असतील दहा-बारा' म्हणालास आणि खाली निघून गेलास. दादा, ज्याने मोजले तो दहा-बारा म्हणत नाही. आणि वहिनीने आणखी एक लिहिलं आहे, तुला न विचारता. हल्ली तू सिनेमागृहात आत शिरताना तिचा पदर धरतोस. ती लाजत लिहिते की उतारवयात प्रेम वाढलं आहे. मला तिचं हसू आलं नाही.

आता टाळता येत नाही, म्हणून लिहिते. बसून वाच.

बाबांना संध्याकाळचं दिसत नव्हतं. मी चौदाची असल्यापासून मला ते ठाऊक होतं. बेकरीची गाडी लावून ते गल्लीच्या तोंडाशी थांबायचे आणि मी सामान आणायच्या निमित्ताने जायचे. मी एक पाऊल पुढे चालायचे आणि ते माझ्या खांद्यावर हात ठेवायचे. लोकांना वाटायचं, लेकीचे लाड चाललेत. 'पायरी', 'दगड', 'सायकल' असं मी हळूच म्हणायचे. आईलाही माहीत नव्हतं. तू तेव्हा शर्टाची बाही दुमडून मेकॅनिककडे गाडी शिकायला जायचास. घरात आलास की हातानेच गियर टाकायचास.

त्या दिवशी अंधार पडता पडता कालव्याच्या रस्त्याला तो ट्रक बिनदिव्याचा उभा होता, बाबांना तो दिसला नाही आणि गाडी त्यावर आदळली. आई शेजारी बसली होती. बाबांनी थेंबभर घेतली नव्हती, दादा.

तुला आठवतं तेच मलाही आठवतं. दुसऱ्या दिवशी तो चौकशी अधिकारी आपल्या खोलीत स्टुलावर बसला होता. तू दारात उभा होतास. त्याने मला विचारलं, "वडील दारू प्यायले होते का?" आणि मी म्हटलं, "हो." तू बाबांकडे बघितलंस आणि चपला घालून निघून गेलास. तो गेलासच.

मी खोटं बोलले. त्याआधी तासभर बाबांनी मला मोरीत नेऊन सांगितलं होतं. कपाळाला पट्टी होती, आवाज मात्र रोजच्यासारखा. म्हणाले, "दारू म्हटलं तर फक्त माझ्यावर येईल. डोळे म्हटलं तर उद्या तुमच्या दोघांच्या डोळ्यांकडे बोट जाईल. माझ्या आईलाही हेच होतं. तुझ्या दादाला मग गाडीवर कोण घेईल?" मी सोळाची होते. आई आदल्या दिवशी गेली होती. मी मान हलवली.

बाबांनी दीड वर्ष तुरुंगात काढलं. बेवडा हे नाव मरेपर्यंत अंगावर वागवलं. तू दारूला स्पर्श केला नाहीस, ड्रायव्हर झालास, उत्तम झालास. त्यांना हेच हवं होतं. त्यात त्यांची माया होती, आणि फार मोठी चूकही होती. दोन्ही एकदमच होतं. सत्तावीस वर्षांत मला ते वेगळं करता आलेलं नाही.

मृग आता दिवेलागणीनंतर पश्चिमेला खाली आलेला असतो. बाणाचे तीन तारे उगवताना एकाखाली एक उभे असतात, मावळताना आडवे होतात. पंधरा-वीस दिवसांत तो संधिप्रकाशात बुडेल. त्याआधी डोळे तपासून घे. आकाशात नाही तर दवाखान्यात.

मुंगी


८ जुलै

दादा,

तुझं पत्र मिळालं. 'मेलेल्या माणसाला धुऊन काढायचा धंदा बंद कर. माझे डोळे दर परवान्याच्या वेळी तपासले जातात.' ठीक. मला शिव्या दिल्यास, त्याही ठीक. काही तर मी कमावलेल्याच आहेत.

तपासतात ते दिवसा, भिंतीवरचा तक्ता दाखवून. त्या तक्त्यात मीसुद्धा पास होते, आणि मला आकाशातला बाण दिसत नाही. तुझ्या गाडीत पन्नास माणसं असतात. ती झोपलेली असतात, कारण त्यांना वाटतं तू जागा आहेस आणि तुला दिसतं आहे.

गेले दोन महिने मृग कुठेच नाही. सूर्य त्याच्या अंगणात होता, दोघं बरोबरच उगवायचे आणि बरोबरच मावळायचे. शोधून उपयोग नव्हता. म्हणून मीही गप्प बसले. आता ऐक. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पहाटे पावणेपाचला तो पूर्वेला हातभर वर आलेला असेल. तुझी परतीची गाडी पाचला सुटते. पावसाची उघडीप असेल त्या पहाटे, गाडी सुटायच्या आधी तिकडच्या डेपोच्या आवारात उभा राहा आणि बघ.

वीस ऑगस्टपर्यंत मला तुझा आकडा नको, डॉक्टरांचा कागद हवा. तो आला नाही तर एकवीसला मी तुझ्या डेपोच्या व्यवस्थापकांना पत्र टाकेन. पत्र लिहून तयार आहे, पत्ता घातला आहे. त्यात माझा आजार, बाबांचा आजार, आजीचा आजार, सगळं आहे. तुझी नोकरी गेली तर ती मी घालवली असं म्हण. तू जन्मभर माझं तोंड बघितलं नाहीस तरी मी ते पत्र टाकेन. एकदा मी 'हो' म्हटलं आणि गप्प बसले. दुसऱ्यांदा जमणार नाही.

मुंगी


९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

एकोणीस ऑगस्टला तुझं पाकीट आलं तेव्हा मी टेबलावर पुठ्ठे कापत होते. मालकांनी हातात आणून दिलं आणि तिथेच उभे राहिले. मी कागद वाचला आणि त्यांना म्हटलं, "मला थोडा वेळ द्या." ते यंत्र बंद करून चहाला निघून गेले. तेव्हा मी तुला फक्त 'मिळालं' एवढंच कळवलं. हातून पुढे काही लिहिलं जात नव्हतं. आज लिहिते.

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं, ते सांगत नाही. तू कंडक्टरला हाक मारून म्हणालास, "जरा मोज रे, किती दिसतात." त्याने पाणी पिता पिता वर बघितलं आणि म्हणाला, "दहा." तुला चार दिसले, आणि चौथा धड नाही. मग तू त्याला तुझा आकडा सांगितलास, तेव्हा तो म्हणाला, "मला दोन वर्षांपासून ठाऊक आहे, साहेब. म्हणून तर अंधार पडला की मी तिकिटं उरकून तुमच्याशेजारी उभा राहतो. तुम्हाला वाटतं, मी गप्पा मारायला येतो."

'डावीकडे सायकल आहे.' 'पुढे जनावर आहे.' तो रोज तुला हे सांगायचा आणि तुला वाटायचं, बोलका माणूस आहे. दादा, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं. आपल्या गल्लीत मी बाबांना जे सांगायचे, तेच कुणीतरी परका माणूस तुला सांगत होता.

त्या पहाटे तू गाडी सुरू केली नाहीस. सगळ्यांसमोर अधिकाऱ्याला सांगितलंस की मला अंधारात दिसत नाही, दुसरा ड्रायव्हर द्या. गाडी दीड तास उशिरा सुटली, लोक तुला नाही नाही ते बोलले, आणि तू त्याच गाडीत मागच्या बाकावर बसून परत आलास. याबद्दल मी तुला शाबासकी देणार नाही, कारण मी धाकटी आहे. पण तू ते दिवस उजाडायच्या आत केलंस आणि स्वतःच्या तोंडाने केलंस, हे मी विसरणार नाही. व्यवस्थापकांसाठी लिहिलेलं पत्र फाडून टाकलं.

वेळापत्रकाच्या टेबलावर बसवलं आहे, त्याचा कंटाळा येतो म्हणतोस. येऊ दे. वीस वर्षं रस्ता तोंडपाठ असलेला माणूस त्या टेबलावर कधी बसला नसेल. म्हणूनच आजवर गाड्या कागदावर वेळेत आणि रस्त्यावर उशिरा धावत होत्या.

तू शेवटी विचारलं आहेस, बाबा तुझी आठवण काढायचे का. खरं तेच सांगते. ते तुझं नाव घेत नसत. शेवटची सहा वर्षं त्यांना दिवसाही दिसत नव्हतं. रोज सकाळी मी कामावर निघायच्या आधी ते म्हणायचे, "पेपर वाच." मी पहिल्या पानापासून सुरुवात केली की हात हलवायचे. त्यांना फक्त अपघात ऐकायचे असत. गाडी कुठली, रस्ता कुठला, ड्रायव्हर किती वर्षांचा. मग विचारायचे, "तो नाही ना?" मी म्हणायचे, "नाही." मग ते चहा प्यायचे. नसला अपघात की म्हणायचे, "नीट बघितलंस ना?"

म्हणजे त्यांना भीती होती. आणि मलाही कळत होतं की भीती कशाची आहे. ते गेल्यावर मी तुला सांगू शकले असते. अकरा वर्षं नाही सांगितलं. मला स्वतःला दिसत होतं तोवर वाटत राहिलं की आपल्यावरून टळलं, म्हणजे तुझ्यावरूनही टळलं. एवढाच विचार केला, त्यापुढचा मुद्दाम केला नाही. हे माझ्याकडून बाकी होतं, ते आज लिहिलं.

आणखी एक केलं. गेल्या सोमवारी अर्धी रजा काढून जुन्या चौकशी कचेरीत गेले. तिथला कारकून म्हणाला, "बाई, ते प्रकरण केव्हाच बंद झालं. आता बदलून काय होणार?" मी म्हटलं, "काही होणार नसेल तर घ्यायला काय हरकत आहे?" तीन खिडक्या फिरवलं. शेवटी एका बाईने अर्ज घेतला. त्यात लिहिलं आहे की त्या दिवशी माझे वडील प्यायलेले नव्हते, त्यांना संध्याकाळी दिसत नव्हतं आणि ते माहीत असून त्यांनी गाडी चालवली, आणि मी खोटी साक्ष दिली. यातून बाबा निर्दोष होत नाहीत. होऊही नयेत, आई परत आलेली नाही. पण ते जे नव्हते, ते तरी कागदावर उरू नये. शिक्का मारलेली नक्कल सोबत आहे. ठेव किंवा फाड, तुझी मर्जी.

आता शेवटचं, आणि यात मी तुझं ऐकणार नाही. तू लिहितोस, 'चिमणीला यातलं काही कळू देऊ नकोस. तेरा वर्षांची आहे. डोळे तपासायला नेताना चष्म्याचं म्हणून नेऊ.' दादा, मी सोळाची होते. मला वाटलं होतं की मी मोठी आहे आणि गुपित सांभाळते आहे. प्रत्यक्षात त्या गुपितानेच मला धरून ठेवलं, मला कुठे जाऊ दिलं नाही, कुणाला काही सांगू दिलं नाही. आपल्या घरात डोळ्यांपेक्षा जास्त नुकसान या 'सांगू नकोस'ने केलं आहे.

चिमणीला दहा दिसले, ही चांगली गोष्ट आहे. पण आज दहा दिसले म्हणजे कायम दिसतील असं नाही, आणि दिसणारच नाहीत असंही नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, निम्मी शक्यता. ती मुलगी हुशार आहे, प्रश्न विचारते. तिला नकाशा वाचता येतो, तर हेही वाचता येईल. तिला खरं सांगून न्यायचं. काय असू शकतं, आत्याला काय आहे, तिच्या बाबांना म्हणजे तुला काय आहे, आजोबांना काय होतं, आणि त्यांनी काय केलं ते सगळं. तिने रडायचं ठरवलं तर रडू दे. रडून झाल्यावर तीच विचारेल, आता काय करायचं. तेव्हा आपण दोघं तिच्यासमोर बसलेले असू.

सांगायचं तू. बाप तू आहेस. तुझ्या तोंडून निघालं नाही तर मी सांगेन, पण तुझ्या तोंडून निघावं असं मला फार वाटतं.

येत्या शनिवारी दुपारच्या गाडीने येते आहे. चार दिवसांची रजा मिळाली आहे. वहिनीला सांग, वेगळं काही करू नकोस. साडेचारला पोहोचते, तेव्हा चांगलं ऊन असेल. स्टँडवर ये. सत्तावीस वर्षांनी तू मला आणि मी तुला ओळखायचं आहे, आणि ते आपल्या दोघांनाही उजेडातच जमेल.

येतेच आहे,
तुझी बहीण